पट्टा कुठे आवळायचा, कुठे नाही

नागपुरात बातमीदारांच्या सुरक्षा आणि प्रथमोपचार प्रशिक्षणाचा विषय काढा, दोन मिनिटांत कुणीतरी म्हणणारच, "भाऊ, पट्टा आवळला का पाय गेलाच समजा!" म्हणणारा नवखा नसतो. गडचिरोलीचे दौरे केलेला, दंगलीत दगड चुकवलेला, स्फोटाची बातमी आली की पहिली गाडी काढणारा असा मुरलेला माणूस असतो. म्हणून बाकीचे माना डोलावतात आणि हातापायातून उसळणारं रक्त थांबवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय चहाच्या टेबलावरच बाद होतो.

पट्टा म्हणजे टुर्निके: सुमारे चार सेंटिमीटर रुंद, पिळून घट्ट करायला दांडी असलेला. त्याची भीती अगदीच निराधार नाही. प्रथमोपचाराच्या जुन्या पुस्तकांत तो नाइलाजाचा, शेवटचा उपाय मानलेला असे. आणि कित्येक तास सुटला नाही, तर खालचे स्नायू आणि नसा खरोखर मरतात. पण इराक युद्धाने हा हिशेबच बदलला. बगदादमधल्या अमेरिकी लष्करी रुग्णालयात टुर्निके लावून आलेल्या २३२ जखमींचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. रक्तस्रावाने शरीर थंड पडण्याआधी, म्हणजे शॉकमध्ये जाण्याआधी पट्टा लागलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचले. शॉकनंतर लागलेल्यांपैकी जेमतेम १० टक्के. आणि केवळ पट्ट्यामुळे कापावा लागलेला हात किंवा पाय? एकही नाही.

मग गमतीचा आक्षेप येतो: दोन तासांपर्यंत पट्टा सुरक्षित, हे मान्य, पण गडचिरोलीतल्या भामरागडहून मोठं रुग्णालय गाठायला त्याहून जास्त वेळ लागतो, त्याचं काय? दोन तासांनंतर पायाचा धोका वाढतो, खरं आहे. मांडीची मुख्य धमनी फाटली तर मात्र माणूस काही मिनिटांतच जातो. पाय वाचवायचा की माणूस, असा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर द्यायला एवढा वेळ का लागतो हे कळत नाही. जखमेच्या पाच-सात सेंटिमीटर वर, सांधा सोडून, रक्त पूर्ण थांबेपर्यंत पिळायचं आणि लावल्याची वेळ ठळक लिहायची. दुखतं, भयंकर दुखतं. पण म्हणून सैल करायचा नाही. कमरेचा पट्टा, दोरी, कॅमेऱ्याची पट्टी ही बदली बहुतेकदा फसते: पुरेशी पिळली जात नाही किंवा कातडीत रुतते.

पट्टा बसतच नाही अशी जागाही असते. २० एप्रिल २०११ रोजी लिबियातल्या मिसराता शहरात छायाचित्रकार टिम हेदरिंग्टन यांच्या जांघेजवळ स्फोटाचा तुकडा घुसला आणि रुग्णालयात नेताना रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला. भोवतीच्या कुणाला रक्त कसं थांबवायचं ते ठाऊक असतं, तर ते कदाचित वाचले असते, हे त्यांचे मित्र, पत्रकार सेबॅस्टियन युंगर यांना नंतर कळलं. पुढच्याच वर्षी त्यांनी मुक्त पत्रकारांना हेच शिकवणारी 'रिस्क' ही संस्था काढली. जांघेसारख्या, पट्टा न बसणाऱ्या ठिकाणी स्वच्छ कापड जखमेच्या आत खोलवर कोंबायचं आणि दोन्ही हातांचा, सगळ्या अंगाचा भार टाकून दाबून धरायचं. वरवर रुमाल ठेवून, थांबलं का ते दर मिनिटाला उचलून पाहायचं नाही. हे वाचून जमत नाही, हातांनी करून पाहावं लागतं. प्रशिक्षण लागतं ते त्यासाठी.

आता खरा वैताग. जखमेवर पट्टा नको म्हणणारा हाच माणूस साप चावला की दोरी शोधायला धावतो! विदर्भात हे पिढ्यानपिढ्या चालत आलंय. जागतिक आरोग्य संघटना आणि आपल्याकडची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं, दोन्ही एकच सांगतात: सर्पदंशात बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. आवळलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, घोणससारख्या सापाचं विष तिथलं मांस कुजवतं, आणि दोरी अचानक सोडली की साठलेलं विष एकदम शरीरात जाऊ शकतं. चावलेला हातपाय फळकुटाला सैलसर बांधून स्थिर ठेवायचा आणि प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठायचं. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी सुमारे ५८ हजार मृत्यू झाले, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. जंगलभागात जाणाऱ्या बातमीदाराला सुरुंगाइतकीच सापाचीही माहिती हवी.

बाकीचे समज थोडक्यात.

"आपण काही युद्धभूमीवर जात नाही." बाजारगावच्या स्फोटक कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी नऊ, भंडाऱ्याच्या आयुधनिर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी आठ कामगार गेले, त्याच वर्षी १७ मार्चला नागपूरच्या महाल भागात दगडफेक आणि जाळपोळ झाली. या सगळ्या ठिकाणी बातमीदार नागपुरातूनच धावले.

"जॅकेट घातलं की झालं." मऊ चिलखती जॅकेट पिस्तुलाच्या गोळीला अडवतं, रायफलच्या नाही. 'प्रेस' लिहिलेलं साधं जॅकेट तर कशालाच अडवत नाही.

"जखमेत रुतलेली काच आधी काढा." मुळीच नाही. तीच कदाचित रक्त अडवून बसलेली असते.

"खिशात कांदा असला की ऊन बाधत नाही." कांदा कसला ऊन अडवतो? याच नागपूरने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश पाहिलेत. आणि घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हेही खोटं. उन्हात धावपळ करणाऱ्याला घाम येत असतानाही तो होतो. सहकारी असंबद्ध बोलू लागला की तापाची गोळी देत बसू नका, ती इथे काम करत नाही. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा.

"राज्यात कायदा आहे ना!" आहे. पत्रकारांवरच्या हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, २०१७ चा कायदा. हल्ल्यानंतर गुन्हा नोंदवायला उपयोगी.

"अपघातातल्या जखमीला हात लावला की पोलीस आपल्यालाच धरतात." मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४-अ सद्‌हेतूने मदत करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी कारवाईपासून संरक्षण देतं. नाव-पत्ता सांगायची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.