लंडनमधील विकेंद्रित ऊर्जापुरवठा

वीज व उष्णता दूरच्या मोठ्या केंद्रातून न आणता, जेथे वापरावयाची त्याच इमारतीत, वसाहतीत किंवा शहरविभागात निर्माण करण्याच्या पद्धतीस विकेंद्रित ऊर्जापुरवठा म्हणतात. छपरावरील सौर घट, उष्णता व वीज यांची संयुक्त निर्मिती करणारी केंद्रे, कचरा जाळून मिळणाऱ्या उष्णतेचा वापर आणि उष्णता पंप हे तिचे प्रमुख प्रकार होत. कार्बन डाय-ऑक्साइडाचे उत्सर्जन कमी करणे हा तिचा आधुनिक हेतू आहे. थंड हवामानाच्या शहरांत घरे व पाणी तापविण्यास पुष्कळ ऊर्जा लागत असल्याने तेथे उष्णतेच्या वाटपास विजेइतकेच महत्त्व येते. लंडन हे याचे बोधप्रद उदाहरण आहे.

इतिहास : लंडनचा वीजपुरवठा आरंभी विकेंद्रितच होता. हॉबर्न व्हायाडक्ट येथे एडिसन यांच्या पद्धतीचे कोळशावर चालणारे वीज केंद्र १८८२ मध्ये सुरू झाले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास या परिसरात सु. ७० केंद्रे होती. परंतु त्यांचे विद्युत् दाब व कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) भिन्न असल्याने एका केंद्राची वीज सहसा दुसऱ्याच्या ग्राहकांना देता येत नसे. १९२६ च्या अधिनियमाने राष्ट्रीय विद्युत् जालाचा पाया घातला गेला व मोठ्या केंद्रांचे युग आले. थेम्सकाठचे बॅटरसी केंद्र १९३३ मध्ये चालू झाले.

अशा औष्णिक केंद्रात इंधनातील निम्म्याहून अधिक ऊर्जा थंड करण्याच्या पाण्याबरोबर वाया जाते. ही उष्णता उपयोगात आणण्याचा महत्त्वाचा प्रयत्न पिम्लिको येथे झाला. १९५० पासून बॅटरसी केंद्रातील उष्णता थेम्सखालून नेलेल्या नळांनी पैलतीरावरील वसाहतीस मिळू लागली. मागणी कमी असताना गरम पाणी साठविण्यासाठी तेथे काचेचे आवरण असलेला उंच मनोरा बांधण्यात आला. बॅटरसी केंद्र १९८३ मध्ये बंद पडले. मात्र नळांचे जाल टिकले. त्यास प्रथम स्वतंत्र बाष्पित्रे व पुढे संयुक्त निर्मितीची एंजिने जोडण्यात आली. तीन हजारांहून अधिक घरांना त्यातून उष्णता मिळते.

संयुक्त निर्मिती व तिच्या मर्यादा : संयुक्त निर्मितीत नैसर्गिक वायूवर चालणारे एंजिन विद्युत् जनित्र फिरविते आणि एंजिनाची व धूरवायूंची उष्णता पाण्यास दिली जाते. त्यामुळे इंधनातील सु. ८०% ऊर्जा उपयोगी पडू शकते. २०११ च्या ‘लंडन योजने’त २०२५ पर्यंत शहराच्या ऊर्जेपैकी २५% ऊर्जा विकेंद्रित साधनांपासून मिळविण्याचे उद्दिष्ट होते. त्यात संयुक्त निर्मितीवर मोठी भिस्त होती.

संयुक्त निर्मितीचा लाभ राष्ट्रीय जालातील वीज कोळशापासून होत असल्यावर अवलंबून होता. ब्रिटनमधील इमारतींच्या नियमांत जालातील विजेच्या दर किलोवॉट-तासामागे २०१३ च्या सुमारास ५१९ ग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड धरीत असत. २०२२ पासून १३६ ग्रॅ. धरतात. नैसर्गिक वायू जाळल्याने तेवढ्याच उष्णतेमागे सु. २१० ग्रॅ. वायू निर्माण होतो. समुद्रातील पवनचक्क्यांची वाढ आणि कोळशाचा ऱ्हास ही या बदलाची मुख्य कारणे होत. ब्रिटनमधील अखेरचे कोळसा-वीज केंद्र सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाले. त्यामुळे वायू-एंजिनाची वीज जालातील विजेहून अधिक प्रदूषक ठरू लागली. शिवाय दाट वस्तीत या एंजिनांमुळे नायट्रोजनाच्या ऑक्साइडांचे प्रदूषण होते.

नवे उष्णतास्रोत : एंजिने कालबाह्य ठरली, तरी नळांचे जाल निरुपयोगी होत नाही, कारण पाणी कशाने तापविले, याच्याशी त्याचा संबंध नसतो. इझलिंग्टनमधील बनहिल येथे २०१२ मध्ये वायू-एंजिनावर आधारलेले जाल सुरू झाले. २०२० मध्ये त्यास भुयारी रेल्वेची उष्णता जोडण्यात आली. १९२२ मध्ये बंद झालेल्या सिटी रोड स्थानकाच्या वायुवीजन कूपातून बाहेर पडणाऱ्या उबदार हवेतील उष्णता उष्णता पंपाने वाढवून पाण्यास दिली जाते. उन्हाळ्यात पंखा उलट फिरवून भुयारात थंड हवा सोडता येते. आग्नेय लंडनमधील कचरा-ज्वलन केंद्राची उष्णता २०१४ पासून सदर्क भागातील सु. २,५०० घरांना मिळू लागली. कचऱ्यातील प्लॅस्टिक मूळ खनिज तेलापासून झालेले असल्याने ही उष्णता मात्र सर्वस्वी कार्बनमुक्त नसते.

सौर वीज : २०१४ मध्ये पूर्ण झालेल्या ब्लॅकफ्रायर्स रेल्वे पुलाच्या छपरावरील ४,४०० हून अधिक सौर तक्तांची कमाल क्षमता सु. १·१ मेवॉ. आहे. दाट शहरात छपरांचे क्षेत्र मर्यादित असते व हिवाळ्यात, उष्णतेची गरज सर्वाधिक असताना, सूर्यप्रकाश सर्वांत कमी मिळतो. म्हणून सौर वीज ही राष्ट्रीय जालास पूरक ठरते, पर्याय ठरत नाही.

ग्राहकांचे हितसंबंध : वीज व वायू यांचा पुरवठादार बदलता येतो, वसाहतीच्या उष्णता-जालावरील रहिवाशास मात्र तशी निवड नसते. २०२२ मध्ये वायूचे दर भडकले, तेव्हा घरगुती ग्राहकांसाठी असलेली दरमर्यादा अशा रहिवाशांना लागू नव्हती. २०२३ च्या ऊर्जा अधिनियमाने या क्षेत्राचे नियमन ‘ऑफजेम’ या संस्थेकडे सोपविण्याची तरतूद केली. ऊर्जेचा स्रोत ग्राहकाच्या जवळ आल्याने तिचे दर व गुणवत्ता आपोआप त्याच्या हाती येत नाहीत, हे यावरून दिसून येते.