आठवणीला राखणदार हवा

ऑगस्ट 2022 च्या अखेरीस आमच्या घुग्घुसमध्ये आमराई वॉर्डातले एक घर बघता बघता जमिनीत गडप झाले. खाली जुनी, बंद पडलेली भूमिगत कोळसा खाण होती. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून जीव वाचले, अल्हम्दुलिल्लाह. आजूबाजूच्या कुटुंबांना मात्र घरे सोडावी लागली.

तो विषय निघाला की आमची धाकटी रंगून सांगते, "मी अम्मीचा हात धरून उभी होते. धूळ उडाली, बायका रडत होत्या." एका रमजानमध्ये इफ्तारनंतर तिने हेच सांगितले तेव्हा तिचा भाऊ म्हणाला, "खोटं! तू तर नानीकडे वणीला होतीस." पोर रडकुंडीला आली. शेवटी अब्बांनी ड्युटीची जुनी डायरी काढली. त्या तारखेला लिहिले होते, 'धाकटी वणीला. उद्या आणायची.'

मग पोर खोटे बोलत होती का? नाही. तिने फोटो पाहिले होते, मोठ्यांच्या गप्पा शंभरदा ऐकल्या होत्या. त्यातूनच तिची 'आठवण' तयार झाली.

आपल्याला वाटते, आठवण म्हणजे पेटीत ठेवलेला कागद; हवा तेव्हा काढावा. तसे नसते. पाहिलेले, ऐकलेले, वाटलेली भीती हे सारे मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत साठते. हिप्पोकॅम्पस नावाचा मेंदूतला छोटासा भाग ते एकत्र बांधतो. आठवताना हे तुकडे पुन्हा जोडावे लागतात. एखादा तुकडा गळाला असेल, तर मन अंदाजाने जागा भरते. 'हे मी पाहिले की नुसते ऐकले?' हा धागा तर फार सहज सुटतो.

हे लहान मुलांपुरतेच नाही. 1986 मध्ये अमेरिकेचे चॅलेंजर यान आकाशात फुटले. दुसऱ्याच दिवशी एमरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून, ही बातमी कुठे आणि कशी कळली, ते लिहून घेतले गेले. अडीच वर्षांनी त्यांतल्या 44 जणांना तेच विचारले. 11 जणांचे सर्व मुख्य तपशील चुकले होते, आणि कित्येकांना आपले बरोबरच असल्याची खात्री होती!

प्रश्न कसा विचारला, यानेही आठवण बदलते. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी 1974 मध्ये लोकांना गाड्यांच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. 'गाड्या जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता?' असे विचारलेल्यांनी, 'एकमेकींना लागल्या तेव्हा?' असे विचारलेल्यांपेक्षा जास्त वेग सांगितला. चित्रफीत तीच, फक्त शब्द वेगळा.

मग कुरआनच्या 6 हजारांहून अधिक आयती हाफिजांच्या छातीत शब्दन्‌शब्द कशा राहतात? मदरशातली पद्धत पाहा. आजचा नवा सबक, मागच्या काही दिवसांची सबकी आणि जुन्या पाऱ्यांची मंजिल हे सारे रोज उस्तादांना तोंडी ऐकवायचे. नुसते वाचण्यापेक्षा न पाहता आठवून म्हटल्याने पाठ पक्का होतो, हे आता प्रयोगांनीही दाखवले आहे. शिवाय चूक झाली की ती जागीच दुरुस्त होते. तरावीहमध्ये इमाम अडखळले, तर मागून लुकमा मिळतो. समोर मूळ मजकूर असतो आणि ऐकणारा जागा असतो.

अंगणातल्या गप्पांना असा राखणदार नसतो. म्हणून त्या दर वेळी थोड्या बदलतात आणि बदललेलेच पक्के होत जाते. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार करा, अशी ताकीद सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. घरातल्या मोठ्या प्रसंगांनाही ही सवय लावायला काय हरकत आहे? आजार, अपघात, जमिनीचा वाटा, कुणाला दिलेला शब्द, हे त्याच दिवशी तारखेसह लिहावे. मुलांना 'मोठा आवाज झाला ना?' असे न विचारता 'काय झालं, सांग' एवढेच म्हणावे. दोन भावांच्या आठवणी जुळत नसतील, तर कुणाला खोटारडा ठरवण्याआधी कागद शोधावा.

त्या रात्री भावाने धाकटीची माफी मागितली. आता ती गोष्ट सांगते तेव्हा सुरुवात अशी करते, "मी तेव्हा वणीला होते, पण अम्मीने मला सांगितलं…"