विमानाच्या दाराची कडी

तुमच्या घराच्या दाराला कडी आहे. रात्री झोपण्यापूर्वी घरातले कोणीतरी उठून ती नीट लागली आहे की नाही हे पाहून येते. कडी सैल राहिली तर फार तर वारा आत येईल, किंवा मांजर दुधात तोंड घालील. पण ताशी तीनशे किलोमीटर वेगाने उडणाऱ्या विमानाच्या दाराची कडी सैल राहिली तर? या पाठात आपण अशाच एका कडीची माहिती घेणार आहोत. आणि ते विमान कारखान्यात तयार झालेले नाही. एका हौशी माणसाने ते आपल्या घरी, आपल्या हातांनी जोडलेले आहे.

घरी विमान कसे तयार होईल, असे तुम्ही विचाराल. अमेरिकेत ही हौस जुनी आहे. पॉल पोबेरेझनी या वैमानिकाने १९५३ साली विस्कॉन्सिन राज्यात अशा हौशी लोकांची एक संस्था स्थापन केली. त्या राज्यातील ऑशकोश या गावी १९७० पासून तिचा मोठा मेळा भरतो. लोक आपण बांधलेली विमाने स्वतः उडवत तेथे येतात. तेथील नियमाप्रमाणे विमानाचे निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेले असावे लागते. सुटे भाग आणि नकाशे कंपनीकडून विकत घेता येतात. जोडणी मात्र आपली. आपल्याकडेही असे वेड घेतलेली माणसे आहेत. मुंबईत कांदिवली येथे कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली मुंबईत भरलेल्या एका मोठ्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले.

आता कडीकडे वळू. आधी काही शब्द पक्के करा. तुम्ही घरी ज्याला कुंडी म्हणता ती मराठीत कडी. जिच्यात ती अडकते तो कोयंडा. दस्ता म्हणजे मूठ. आणि ज्याला तुम्ही कब्जा म्हणता ती मराठीत बिजागरी. मराठीत कब्जा शब्दाचा अर्थ ताबा असा आहे. तेव्हा 'दाराला दोन कब्जे आहेत' असे परीक्षेत लिहू नका! दरवाजा हा शब्द मात्र दोन्ही भाषांचा आहे.

उडणाऱ्या विमानाचे दार वारा आत ढकलत असेल, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलट घडते. विमानाच्या फुगीर अंगावरून हवा वेगाने वाहते तेव्हा तेथील दाब कमी होतो. आतल्या हवेचा दाब तुलनेने जास्त असतो. म्हणून दार बाहेर ओढले जाते. एक सोपा हिशेब करू. वेग ताशी १८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५० मीटर धरा. हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलो धरा. घनतेला वेगाच्या वर्गाने गुणून निम्मे केले की दर चौरस मीटरला १५०० न्यूटन इतका वाऱ्याचा दाब येतो. त्याच्या निम्मी ओढ दारावर आहे आणि दार ०.८ चौरस मीटरचे आहे असे समजा. तर दारावर ६०० न्यूटन बल लागेल. म्हणजे सुमारे ६० किलो वजनाचा माणूस त्या दाराला बाहेरून लोंबकळत आहे असे समजा. वेग दुप्पट झाला तर बल चौपट होते. मग एकाच्या जागी चार माणसे लोंबकळतील. हे सगळे ओझे कोण पेलते? बिजागऱ्या आणि कडी.

बिजागरी कोणत्या बाजूला आहे यावरही पुष्कळ अवलंबून असते. मोटारीचे पुढचे दार पाहा. त्याची बिजागरी समोरच्या बाजूला असते. धावत्या गाडीत ते चुकून उघडले तर समोरचा वारा त्याला परत चौकटीकडे दाबतो. अनेक छोट्या विमानांची दारे अशीच असतात. हवेत उघडली तरी थोडीशी फट पडते, मोठा आवाज होतो, कागद उडतात आणि बहुधा तेवढ्यावर निभावते. पण आर.व्ही.-१० नावाचे चार आसनांचे विमान पाहा. अमेरिकेतील व्हॅन्स कंपनी २००३ पासून त्याचे सुटे भाग विकत आली आहे. त्याची दारे पक्ष्याच्या पंखासारखी वर उघडतात, कारण बिजागऱ्या छतात आहेत. चढायला-उतरायला हे दार फार सोयीचे. परंतु उडत असताना त्याची खालची कड सुटली, की वारा आत शिरून दार वर उचलतो. मग दार उपटून जाण्याची आणि मागे शेपटीवर आदळण्याची भीती असते. अशी दारे हवेत उडून गेल्याच्या घटना घडल्या आहेत.

या दाराची कडी कशी चालते? तुमच्या घरी लोखंडी कपाट असेल तर त्याची मूठ फिरवून पाहा. मूठ फिरली की आतली एक सळई वर जाते आणि दुसरी खाली. विमानाच्या दारातही तसेच आहे. फक्त सळया वर-खाली न जाता पुढे-मागे सरकतात. मुठीच्या आसावर एक लहान दातेरी चाक असते. त्याच्या दोन बाजूंना दोन दातेरी पट्ट्या असतात. चाक फिरले की एक पट्टी पुढे आणि दुसरी मागे जाते. प्रत्येक पट्टीला एक सळई जोडलेली असते आणि सळईच्या टोकाशी खिटी. पुढची खिटी चौकटीच्या पुढच्या खांबातील भोकात शिरते, मागची मागच्या खांबातील भोकात.

ही खिटी नेमकी बसवण्यातच खरे कौशल्य आहे. घाई करणारा माणूस आधी कडी बसवतो आणि मग दार तिच्याशी जुळवू पाहतो. हा क्रम चुकीचा आहे. आधी दार चौकटीत बसवायचे, कडा घासून सगळीकडे सारखी बारीक फट ठेवायची आणि बिजागऱ्या पक्क्या करायच्या. त्यानंतरच दार शिकंज्यांनी घट्ट आवळून कडीच्या भोकांच्या खुणा करायच्या. भोक एकदम मोठे पाडत नाहीत. आधी बारीक, मग थोडे मोठे, मग नेमक्या मापाचे. लहान भोक मोठे करता येते. मोठे झालेले लहान करता येत नाही. शिंपी कापड बेतताना जी काळजी घेतो तीच ही.

खिटीचे टोक निमुळते ठेवलेले असते. त्यामुळे ती भोकात शिरताना दाराला आत ओढून घेते. पण येथे एक फसगत आहे. हे दार काचतंतूचे, म्हणजे फायबरग्लासचे असते. ते थोडे लवते. काठाने लावलेली रबराची पट्टी जास्त जाड असली तर ती दाराचा मागचा कोपरा बाहेर ढकलते. अशा वेळी पुढची खिटी भोकात बसते आणि मागची भोक चुकवून चौकटीच्या बाहेरच्या अंगाने पुढे सरकते. मूठ मात्र पूर्ण फिरते! आत बसलेल्याला वाटते, दार लागले.

मूठ बंद दिसते, कडी मात्र लागलेली नाही. ही गोष्ट किती भयंकर ठरू शकते हे एका मोठ्या विमानाच्या उदाहरणावरून कळेल. डी.सी.-१० हे तीनशेहून अधिक प्रवासी नेणारे जेट विमान होते. त्याच्या पोटात सामान ठेवण्याची जागा होती आणि तिचे दार बाहेर उघडत असे. दार लावल्यावर आतले आकडे पूर्ण वळले पाहिजेत, आणि ते वळले नसतील तर बाहेरची मूठ खाली जाताच कामा नये, अशी योजना होती. योजना चांगली होती, पण जोडदांडे पुरेसे मजबूत नव्हते. १२ जून १९७२ रोजी अमेरिकेतील डेट्रॉइट येथे एका कामगाराला ती मूठ जड गेली. त्याने गुडघ्याने दाबून ती बसवली. उड्डाणानंतर थोड्याच वेळात, कॅनडातील विंडसर शहरावर असताना ते दार उडाले. वैमानिकांनी मोठ्या कौशल्याने विमान उतरवले आणि सगळे ६७ जण वाचले.

यानंतर दाराला एक छोटी काच बसवण्यात आली. तिच्यातून आतली खिटी दिसावी हा हेतू. आत एक आधारपट्टी बसवावी असेही ठरले. तुर्की एअरलाइन्सच्या एका विमानाच्या कागदपत्रांत ही पट्टी बसवल्याची नोंद होती. प्रत्यक्षात ती बसवलेलीच नव्हती. ३ मार्च १९७४ रोजी ते विमान पॅरिसहून लंडनला निघाले. दार लावणाऱ्या कामगाराच्या हाताखाली मूठ सहज खाली गेली होती. काचेतून काय पाहायचे हे त्याला कोणी शिकवले नव्हते. दाराजवळची सूचना इंग्रजी आणि तुर्की भाषेत होती. तो अल्जीरियाचा, त्याला इतर भाषा येत होत्या, पण या दोन वाचता येत नव्हत्या. वैमानिकासमोरचा इशाऱ्याचा दिवाही विझलेला होता. सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर दार उडाले, सामानाच्या जागेतली हवा एका झटक्यात बाहेर गेली आणि वरच्या दाबाने प्रवाशांच्या पायांखालची जमीन खचली. विमान चालवण्याच्या तारा त्या जमिनीतून जात होत्या. ३४६ माणसे मृत्युमुखी पडली. माझ्या मते त्या कामगाराकडे बोट दाखवणे अन्यायाचे आहे. त्याने आपले काम सांगितल्याप्रमाणे केले होते.

घरी बांधलेल्या छोट्या विमानात हवेचा तसा दाब भरलेला नसतो. म्हणून तितका स्फोट होणार नाही. पण प्रश्न तोच आहे. तेव्हा जाणता माणूस दारावर इशाऱ्याचा दिवा बसवतो तेव्हा त्याची कळ मुठीपाशी लावत नाही. ती खिटी जेथे शिरते त्या भोकापाशी लावतो, आणि दोन्ही खिट्यांसाठी दोन वेगळ्या कळा ठेवतो. मूठ कुठे आहे हे डोळ्यांना दिसतेच. खिटी कुठे आहे हे कळायला हवे. आर.व्ही.-१० साठी कंपनीने पुढे दाराच्या मध्यभागी आणखी एक सुरक्षा-कडी दिली. खिट्या चुकल्या तरी ती दाराला धरून ठेवते. अनेक मालक काहीच विश्वासावर सोडत नाहीत. धावपट्टीवर जाण्यापूर्वी ते दाराचा मागचा खालचा कोपरा तळहाताने जोराने बाहेर ढकलून पाहतात.

मग दोनाऐवजी पाच कड्या का लावू नयेत? कारण दाराकडून आपल्या दोन मागण्या आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. हवेत ते मुळीच उघडता कामा नये. जमिनीवर आग लागली तर क्षणात उघडले पाहिजे. २७ जानेवारी १९६७ रोजी अमेरिकेत अपोलो-१ या अवकाशयानाची जमिनीवर चाचणी चालू होती. यानात आग लागली. आतले झाकण आत ओढून काढावे लागे आणि आगीमुळे आतला दाब इतका वाढला की ते हलेना. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे अंतराळवीर मरण पावले. त्यानंतर चटकन बाहेर उघडणारे झाकण बनवण्यात आले.

म्हणून मूठ कोठे आणि कशी असावी याचाही विचार करावा लागतो. आतली मूठ कोपराच्या धक्क्याने किंवा उठताना कपड्यात अडकून फिरू नये. यासाठी ती एका खाचेत ठेवतात, किंवा आधी बटण दाबल्याशिवाय फिरणार नाही अशी करतात. पण बटण फार अवघडही नको. बाहेरची मूठ विमानाच्या अंगात बुडवलेली असते, म्हणजे ती वाऱ्याला अडत नाही. तिच्याजवळ बाण काढून कोणत्या दिशेने फिरवायची ते ठळक दाखवतात. विमान शेतात उतरले आणि आतला माणूस बेशुद्ध असला, तर धावत आलेल्या शेतकऱ्याला ते दार उघडता आले पाहिजे. त्याने विमान पूर्वी कधी पाहिलेलेही नसेल.

एवढे करूनही दार हवेत उघडलेच तर? जुने वैमानिक सांगतात, आधी विमान सांभाळा, दार नंतर. दार उघडल्यापेक्षा ते लावण्याच्या धडपडीत लक्ष ढळून विमाने कोसळली आहेत. वेग कमी करायचा, नाक सरळ ठेवायचे, जवळच्या विमानतळावर उतरायचे आणि जमिनीवर थांबल्यावर शांतपणे कडी लावायची.