लग्नाच्या बोलणीत अडलेला आजार

1976 साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा घटस्फोटाच्या कलमाला एक खुलासा जोडला गेला आणि त्यात एका आजाराचं नाव स्पष्ट घातलं गेलं : स्किझोफ्रेनिया. त्याच कलमात कुष्ठरोगही होता. तो 2019 मध्ये वगळला. स्किझोफ्रेनिया अजून तिथंच आहे. 1988 मध्ये राम नारायण गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की आजाराचं नुसतं नाव पुरेसं नाही, तो किती तीव्र आहे ते पाहावं लागेल. पण गावच्या बैठकीत निकालपत्र कोण वाचतं? तिथं एवढंच पोचलं, की या आजारानं लग्न मोडतं.

गेल्या पन्नास वर्षांकडे पाहताना मला हे सर्वांत ठळक दिसतं. या आजाराच्या माणसाची हेटाळणी रस्त्यावर होते, नोकरीत होते, दवाखान्यातही होते. पण ती मुरते स्थळं पाहण्याच्या दिवसांत.

पुणे-सातारा महामार्गावरच्या कापूरहोळच्या फाट्यावरून एक रस्ता भोरला जातो, दुसरा नारायणपूरवरून सासवडला. मुलगा रात्र-रात्र जागू लागला, कानात आवाज येतात म्हणू लागला, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असं त्याला वाटू लागलं, की या भागातल्या घरांपुढेही प्रश्न तोच असे : आता कुठं न्यायचं? बहुतेक वेळा आधी देवऋषी, अंगारा, उतारा. याला निव्वळ अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही. ‘बाहेरचं’ आहे म्हटलं की घराण्यावर बोट येत नाही. भूत येतं आणि जातं. आजार मात्र रक्तात आहे असं धरलं जातं आणि मग धाकट्या बहिणीचं जमत आलेलं लग्न मोडतं. भुतापेक्षा निदानाची भीती मोठी होती, आणि तिला व्यवहारात कारण होतं.

पुण्याची वाट धरायची तर येरवडा. त्या मनोरुग्णालयाचं नावच शिवीसारखं वापरलं जाई. 1912 चा ब्रिटिश कायदा थेट 1993 पर्यंत चालला. 1987 मध्ये मंजूर झालेला नवा कायदा लागू व्हायलाच सहा वर्षं गेली. आजाराची तीव्रता उतरवणारी औषधं 1950 च्या दशकापासून निघाली होती. तरी घरोघरी सल्ला एकच : लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल. मुलीच्या बाबतीत हा सल्ला क्रूर ठरायचा. सासरी कळू नये म्हणून गोळ्या लपवायच्या, मग बंदच करायच्या. गोळ्या अचानक थांबल्या की आजार उलटतो. आणि तो उलटला, की फसवलं म्हणून मुलगी माहेरी. चेन्नईच्या ‘स्कार्फ’ संस्थेतल्या डॉ. आर. थारा यांनी अशा मोडलेल्या संसारांतल्या बायकांचा अभ्यास केला. त्यात आढळलं, की आजाराच्या कलंकापेक्षाही नवऱ्यानं टाकल्याचा कलंक या बायकांना आणि त्यांच्या घरच्यांना अनेकदा जास्त बोचत होता.

आणि सांभाळणारी कोण? मानववंशशास्त्रज्ञ व्हिडा स्कल्टन्स यांनी फलटणच्या महानुभाव मंदिरात केलेला अभ्यास 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. आजारी माणसासोबत येणाऱ्या बाया, विशेषतः आया, तिथं अंगात आणून घेत होत्या. लेकराची पीडा आपल्या अंगावर ओढून घेता येते, ही त्यामागची श्रद्धा. मला हे वाचून कापूरहोळची धाराऊ गाडे आठवते. संभाजीराजांना दूध पाजणारी ही बाई इतिहासात नावानिशी राहिली. आजारी मुलाला वीस-वीस वर्षं भरवणाऱ्या आयांची नोंद मात्र कुठंच नाही, उलट ‘हिच्याच माहेरचं आलं’ हा ठपका त्यांच्यावर.

लपवण्याची ही रीत उघडपणे मोडणाऱ्यांत एक मराठी माणूस सातासमुद्रापार होता. कॅनडातल्या कॅलगरीला प्राध्यापकी करणारे डॉ. जगन्नाथ वाणी. पत्नी कमलिनी यांना स्किझोफ्रेनिया होता आणि त्यांनी ते झाकलं नाही. 1997 मध्ये त्यांच्या पुढाकारानं पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी राहिली. रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणत ही माणसं एकमेकांसमोर बसू लागली. 2004 मध्ये सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ आला. त्यामागेही वाणींचं बळ होतं. अतुल कुलकर्णींचा शेष आणि त्याला आपल्या घरी आणणारी सोनाली कुलकर्णींची बहीण. भोर-वेल्ह्याच्या देवराया माहीत असलेल्या प्रेक्षकाला शेषचं त्या रानात गुंतणं परकं वाटलं नसेल. या चित्रपटाचं मोठेपण मी यात मानतो, की त्यानं आजाऱ्याइतकंच त्या बहिणीच्या दमण्याकडे पाहिलं.

दरम्यान 6 ऑगस्ट 2001 ला तमिळनाडूत एरवाडीला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण जळून गेले. साखळीनं बांधायला स्पष्ट मनाई करणारा कायदा 2017 मध्ये झाला आणि 2018 मध्ये लागू झाला. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, 2013 मध्ये, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं गुन्हा ठरलं. त्यांचे चिरंजीव डॉ. हमीद दाभोलकर मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि साताऱ्यात ‘परिवर्तन’ संस्थेमार्फत काम करतात. 2022 पासून ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांकही आहे, घरातून, कुणाला न कळता, फोन लावता येतो.

‘कुणाला न कळता’ ही सोय आजही लागते, याचं मला वाईट वाटतं. जगात तीनशे माणसांमागे सुमारे एकाला हा आजार आहे. म्हणजे मोठ्या गावात अशी दहा-बारा घरं असणार, आणि त्यांना एकमेकांचा पत्ताही नसणार. म्हणून पुण्यात शुभंकरांची सभा भरते तशी भोरलाही भरावी, आठवडे बाजाराच्या दिवशी, म्हणजे बाईला घरातून निघायला वेगळं कारण सांगावं लागणार नाही. आणि स्थळ पाहताना ‘गोळ्या चालू आहेत, तब्येत ठीक आहे’ हे मुलाच्या बापानं आधी सांगावं. मुलींच्या बापांवर ते धाडस टाकायला मी आज तयार नाही.