वृत्तकक्षातील यंत्रबुद्धी आणि तिचे दोन प्रमाद

वृत्तपत्रीय कामात यंत्राचा प्रवेश प्रथम लेखक म्हणून झाला नाही. तयार वाक्यांतील रिकाम्या जागा भरणारा लेखनिक म्हणून झाला. ‘असोसिएटेड प्रेस’ ह्या वृत्तसंस्थेने २०१४ साली कंपन्यांच्या तिमाही नफ्यातोट्याच्या बातम्या यंत्राकरवी तयार करण्यास प्रारंभ केला, आणि तिमाहीस सुमारे ३०० निघणाऱ्या ह्या बातम्या ३,००० च्या घरात गेल्या. त्याच वर्षी १७ मार्च रोजी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या ‘क्वेकबॉट’ने भूकंपाची बातमी अवघ्या काही मिनिटांत सिद्ध केली. संपादकाने ती पाहिली व प्रसिद्धीस दिली.

ह्याच क्वेकबॉटने जून २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात ६.८ तीव्रतेचा भूकंप झाल्याचे वृत्त दिले. भूकंप खरा होता, पण १९२५ सालचा! जुन्या नोंदीतील स्थान दुरुस्त करताना अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याकडून चुकीची सूचना सुटली. तीत साल २०२५ पडले होते. यंत्राने स्वतः काहीही रचले नव्हते. म्हणूनच प्रमादाचे मूळ लगेच सापडले.

अलीकडील भाषिक प्रतिमानांची गोष्ट निराळी आहे. ती पुढील शब्द संभाव्यतेने ठरवितात. सत्यासत्याची परीक्षा त्या क्रियेत अंतर्भूत नसते. ध्वनिमुद्रणाचे शब्दांकन करणाऱ्या ‘व्हिस्पर’ ह्या साधनाच्या २०२४ मधील एका अभ्यासात सुमारे एक टक्का ध्वनिखंडांत कोणीही न उच्चारलेली वाक्ये आढळली, आणि वक्ता अधिक थांबत बोलत असेल तेथे हा दोष वाढला. एक टक्का हे प्रमाण अल्प भासेल. परंतु मुलाखतीतील अवतरण ही व्यक्तीच्या नावावर जमा होणारी गोष्ट आहे, आणि रचलेले वाक्यही इतरांइतकेच सफाईदार असल्याने केवळ वाचून ते ओळखता येत नाही. मराठीत तर नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो : ‘राजीनामा देणार नाही’ ह्यातील अखेरचा शब्द गळाला की बातमीच उलटते.

ह्यास्तव शब्दांकनाचा उपयोग अनुक्रमणिकेसारखा करणे श्रेयस्कर होय. हवे ते स्थळ त्याच्या साहाय्याने शोधावे. अवतरण मात्र मूळ ध्वनिमुद्रण ऐकूनच उतरावे, आणि ते मुद्रण बातमी छापून झाल्यावरही जतन करावे.