अरब महिलांमध्ये वाढता ब्रेस्ट कॅन्सर: राहणीमानाचा दोष किती?

इजिप्त असो, सौदी अरेबिया असो की जॉर्डन, महिलांमध्ये सर्वात जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे स्तनाचा कॅन्सर. अमेरिकेत हा आजार बहुतेक वेळा साठीच्या आसपास कळतो. अरब देशांत मात्र पन्नाशीच्या आगेमागेच, म्हणजे साधारण दहा वर्षं आधी. याचं एक कारण म्हणजे तिथली लोकसंख्याच तरुण आहे. पण बदललेल्या राहणीमानाचाही या आजाराशी संबंध आहे.

वजन आणि हालचाल

तेलाचा पैसा आला तशी आखाती देशांत घरोघरी गाडी, एसी आणि कामाला बाई आली. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, त्यामुळे पायी फिरणं जवळपास बंदच. सौदीच्या सरकारी शाळांत मुलींना पीटीचा तास मिळाला तोच 2017 मध्ये. त्यातून वजन वाढत गेलं.

पाळी चालू असेपर्यंत इस्ट्रोजेन हे हार्मोन मुख्यतः अंडाशयात तयार होतं. पाळी कायमची बंद झाल्यावर ते शरीरातल्या चरबीत बनतं. चरबी जास्त तर इस्ट्रोजेन जास्त, आणि हेच हार्मोन स्तनातल्या पेशींच्या वाढीला चालना देतं. म्हणूनच पाळी गेल्यानंतरचा लठ्ठपणा धोका वाढवतो. आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चालावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ऊन असेल तर घरात किंवा मॉलमध्ये चाललं तरी चालतं.

मुलं आणि स्तनपान

आधीच्या पिढीत मुलं जास्त होती आणि अंगावरचं दूधही जास्त काळ पाजलं जायचं. आता पहिलं मूल उशिरा होतं, पावडरचं दूध लवकर सुरू होतं. 30 देशांतल्या 47 अभ्यासांची आकडेवारी 2002 मध्ये एकत्र मांडली गेली. त्यानुसार स्तनपानाच्या दर 12 महिन्यांमागे धोका 4.3 टक्क्यांनी घटतो, तर प्रत्येक बाळंतपणामागे 7 टक्क्यांनी. याचा अर्थ मुलींनी शिक्षण किंवा नोकरी सोडावी असा नाही. आईला दूध पाजायला रजा, जागा आणि घरच्यांची साथ मिळायला हवी.

दोष बाईचा नाही

हे सगळं खरं असलं तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये स्त्री असणं आणि चाळिशी ओलांडणं याखेरीज दुसरं ठळक कारण सापडत नाही. म्हणजे सडपातळ, चार मुलांना दूध पाजलेल्या बाईलाही हा आजार होऊ शकतो. तरीही ‘लोक काय म्हणतील’, ‘नवरा सोडेल’, ‘मुलींची लग्नं अडतील’ या भीतीने अनेक जणी गाठ लपवतात आणि आजार पुढे गेल्यावरच दवाखान्यात पोहोचतात. राहणीमानापेक्षा हा उशीर जास्त घातक ठरतो. इजिप्तने 2019 मध्ये महिलांसाठी मोफत तपासणीची मोहीम सुरू केली ती यासाठीच.

कोकणातली कितीतरी मुस्लिम कुटुंबं आज कुवेत, दुबईत तेच आयुष्य जगत आहेत. म्हणून अम्मी, बहीण, बायको, सगळ्यांना सांगा: स्तनात किंवा काखेत गाठ, त्वचेवर खळगा, स्तनाग्र आत ओढलं जाणं किंवा त्यातून रक्त येणं, यातलं काहीही दिसलं तर दुखत नाही म्हणून थांबू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. आणि असलीच, तर वेळेत सापडल्यावर बरं होण्याची शक्यता खूप जास्त असते.