वाहून आलेल्या मालाची मालकी : कोकणकिनारा आणि कृष्णाकाठ

सातारा व सांगली या जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. तथापि फुटलेल्या जहाजाचा माल किनाऱ्यास लागला असता तो कोणाचा, हा प्रश्न कृष्णाकाठास वाटतो तितका परका नाही. त्याचा एक दुवा ‘तुफान’ या शब्दातच सापडतो. मूळ अरबीत या शब्दाचा अर्थ पूर किंवा जलप्रलय असा होता; फारसीच्या वाटेने मराठीत आल्यावर तो वादळ, विशेषतः दर्यावरील वादळ, या अर्थी रूढ झाला. जहाज फोडणारा वारा आणि गाव बुडविणारे पाणी ही दोन्ही अशा रीतीने एकाच शब्दाच्या इतिहासात वसतात.

१६७४ साली राज्याभिषेकाच्या सुमारास इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला. इंग्रजांच्या मागण्यांत फुटलेली जहाजे व त्यांतील माल परत मिळावा असेही एक कलम होते. त्यास मिळालेले पहिले उत्तर इंग्रजी कागदपत्रांत नमूद आहे. तुफानाने किनाऱ्यास लागलेला माल परत देणे हे कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे. इंग्रजांस ही सवलत दिली तर फ्रेंच व डच तीच मागतील आणि अनेक पिढ्यांची वहिवाट मोडेल, असा त्या उत्तराचा आशय होता. साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफ यांनीही १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात या कलमाची दखल घेतली आहे. कलमाचे पुढे काय झाले हा निराळा विषय. येथे लक्षणीय आहे ते हे, की समुद्राने दिलेली वस्तू राजाची, ही समजूत राजहक्क म्हणून मांडली गेली.

ही समजूत कोकणापुरती मात्र नव्हती. आंध्र किनाऱ्यावरील मोटुपल्ली येथील काकतीय गणपतिदेवाचा १२४४ चा लेख सांगतो, की पूर्वीचे राजे वादळाने किनाऱ्यास लागलेल्या जहाजांचे सर्वस्व हरण करीत. गणपतिदेवाने ठरीव शुल्काखेरीज ते सर्व सोडून दिले. त्याच्याही कितीतरी आधी कौटिल्याने नावाध्यक्षास, वाऱ्याने भरकटलेल्या नौकेवर पित्याप्रमाणे अनुग्रह करावा आणि पाण्याने बिघडलेल्या मालावर शुल्क माफ किंवा निम्मे करावे, असे सांगितले होते. तक्रार घेऊन आलेल्या इंग्रजांच्या देशातील १२७५ चा कायदाही मौजेचा आहे : जहाजातून माणूस, कुत्रा किंवा मांजर जिवंत सुटले तर ते जहाज बेवारशी मानू नये आणि मालकास वर्ष व एक दिवस मुदत द्यावी. एका मांजरावर लक्षावधींच्या मालाची मालकी टिकावी, हे कायद्याचे तर्कशास्त्र !

‘बेवारशी’ हा शब्द फारसी ‘बे’ व अरबी ‘वारिस’ यांपासून सिद्ध झाला आहे. ज्यास वारस उरला नाही ते बेवारशी. व्यवहारात मात्र, ज्याचा धनी समोर उभा नाही ते सारे बेवारशी ठरते. वाद उद्भवतो तो शब्दार्थाच्या या घसरणीतून. कारण पुरात वस्तू गमावलेला धनी बहुधा जिवंत असतो आणि दोन गावे वरच्या अंगास राहत असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अशा पाण्याबरोबर ओंडके येतात तशी घरांतील चीजवस्तूही येते.

ओंडक्यांपुरता निर्णय १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात आहे. वाहून आलेले वा काठास लागलेले लाकूड, कोणी हक्क शाबीत करीपर्यंत, शासनाचे समजावे. नोटीस लावून किमान दोन महिने मुदत द्यावी. रायगडावरील उत्तराची छाया यात दिसते, पण मालकाचा दावा येथे जिवंत राहतो. इतर वस्तूंबाबत दंडविधानाने सापडलेली वस्तू राखून ठेवणे हा गुन्हा मानला नाही. धनी ठाऊक असता, किंवा त्याचा शोध लागणे शक्य असता, ती आपली म्हणून बळकावणे हा मानला. आपल्याकडे लग्नात आहेर म्हणून दिलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यांवर देणाऱ्याघेणाऱ्यांची नावे कोरण्याची चाल आहे. गाळातून असा हंडा वर आला, तर त्याच्या काठावरील अक्षरे वाचता येतात तोवर तो बेवारशी नव्हे.